रमाबाईंचा विसावा

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की महाराष्ट्रात चर्चा बहुधा दोन वाटांनी जाते. एक वाट त्यांच्या विद्वत्तेची आणि स्त्रीसेवेची, दुसरी त्यांच्या धर्मांतराची. पहिल्या वाटेने जाणारे गौरवाची फुले वाहतात. दुसऱ्या वाटेने जाणारे शतक उलटून गेल्यावरही साशंकतेने मान हलवितात. या दोहोंच्या मध्ये रमाबाईंच्या आयुष्यातील एक अत्यंत मानवी गोष्ट दडून राहिली आहे. ती म्हणजे त्यांचा थकवा, आणि त्या थकव्यातून त्यांना लाभलेला विसावा.

हा थकवा पायांचा नव्हे. रात्रभर झोप घेऊनही जो उतरत नाही, रविवारची सुटी ज्याला पुरत नाही, हात काम करीत असतात पण त्या कामामागचा जीव जळून गेलेला असतो, असा हा थकवा. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसलेला शिक्षक, टेबलावर साचलेल्या फायलींकडे पाहणारा कारकून आणि परीक्षेच्या धास्तीने रात्र जागविणारा विद्यार्थी हे तिघेही तो ओळखतात. मानसशास्त्राने त्याला 'बर्नआउट' असे नाव दिले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. परंतु नाव नवे असले तरी दुखणे नवे नाही. रमाबाईंनी ते बालपणापासून अनुभवले होते, आणि त्यावर त्यांना सापडलेला उपाय महाराष्ट्राला मानवला नाही. मानवला नाही म्हणून तो समजून घेण्याचे टाळले जावे, हे मात्र बरोबर नव्हे.

पुण्याचा हिशेब

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्यापायी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून नेलेली ती तान्ही मुलगी पुढे सोळा-सतरा वर्षे एका गावी स्थिर अशी राहिलीच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते देतील ते घ्यावे, त्यातून दानधर्म करावा आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, हा त्या घराचा जीवनक्रम होता. आईने मुलीला संस्कृत शिकविले ते याच वाटचालीत. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते कोणत्याही पाठशाळेच्या छपराखाली नव्हे.

या जीवनक्रमात एक सूक्ष्म ओझे होते. प्रत्येक स्नान, प्रत्येक उपवास, प्रत्येक प्रदक्षिणा पुण्याच्या खात्यात जमा होत होती. आणि ते खाते कधी पुरे भरले असे कोणीही सांगत नव्हते. जवळचा पैसा दानात संपला. पोटासाठी अन्य उद्योग करावा तर शास्त्रीबुवांच्या कुळाला तो शोभणारा नव्हता. अशा स्थितीत दक्षिणेत दुष्काळ पडला. देवतांची आराधना वाढविली, व्रते कडक केली, तरी अन्न मिळेना. पाला आणि पाणी यांवर दिवस काढण्याची पाळी आली. वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे मनात आणले होते. मुलाने त्यांना त्यापासून परावृत्त केले. पण १८७४ साली ते गेलेच. पाठोपाठ आई गेली आणि नंतर थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदेकरी पुरेसे मिळेनात, तेव्हा चौथी म्हणून रमाबाई पुढे झाल्या. त्यांची उंची कमी असल्यामुळे तिरडीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. सोळा वर्षांच्या मुलीच्या माथ्यावरचे ते ओझे पुढील सर्व आयुष्याचे प्रतीक वाटावे असे आहे.

उरलेले बहीणभाऊ, रमाबाई आणि श्रीनिवास, पुन्हा चालू लागले. पैसा नाही, पुरेसे वस्त्र नाही, पायांत वहाणा नाहीत. अशा अवस्थेत त्यांनी हिंदुस्थानचा फार मोठा भाग पायाखाली घातला. पंजाबातील थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा झेलमच्या काठी थडग्यांसारखे खड्डे खणून त्यांत दोघे निजत आणि मान तेवढी मोकळी ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेत. व्रतवैकल्ये अद्याप चालूच होती. मात्र त्या वाळूखाली, अनेक रात्री, दोघांच्याही मनातील श्रद्धा हळूहळू गार होत चालली होती. वर्षानुवर्षे सर्व विधी यथासांग पाळूनही घरातील तिघे उपासमारीने आणि आजाराने गेले होते. मग हिशेबात चूक कोठे झाली, हा प्रश्न त्यांना पडला. तो पुढे बरीच वर्षे त्यांच्यासोबत राहिला.

कीर्तीच्या शिखरावर

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि चित्र एकाएकी पालटले. वीस वर्षांची एक मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. सभा, सत्कार, व्याख्याने यांचा ओघ सुरू झाला. परंतु कीर्ती हा विसावा नव्हे. १८८० साली डाक्क्यास श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीचे बंधन मोडून, नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबूंचा बळी घेतला. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर एक लहान मूल आणि पाठीशी कोणीही नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिकांची व स्त्रीडॉक्टरांची गरज मांडली. हे सर्व १८८२ या एका वर्षातील कार्य आहे, आणि ते पतिनिधनाच्या वर्षातील आहे. दुःख करीत बसण्यास त्यांना सवड नव्हती. किंवा कामाच्या रगाड्यात त्यांनी ती स्वतःला दिली नाही, असेही म्हणता येईल. स्वतःच्या दुःखापासून पळणारी माणसे अनेकदा सर्वांत कष्टाळू असतात.

वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्या १८८३ साली मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत ही मैत्रीण होती. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी-संघाच्या मठात त्यांची सोय झाली. तेथे त्यांच्यावर आणखी एक आघात झाला. आनंदीबाईंनी आत्मघात केला. या धक्क्याने रमाबाईंची प्रकृती पार ढासळली. रात्री खोलीत सोबतीला कोणी असल्यावाचून त्यांना निजवत नसे, आणि ऐकू येणे कमी झाले, असे मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत नोंदले आहे. बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याची आशा मावळली. ज्या हेतूने समुद्र ओलांडला तो हेतूच संपला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता महाराष्ट्रात येऊन थडकली तेव्हा केवढे काहूर उठले, हे सर्वश्रुत आहे. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांतील बहुतेकांनी पाठ फिरविली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू उचलून धरली.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

येथेच इतिहासाची एक गफलत होते. धर्मांतर झाले म्हणजे रमाबाईंना हवे ते मिळाले आणि त्यांचा शोध संपला, असे त्यांचे चाहते मानतात आणि टीकाकारही मानतात. खुद्द रमाबाई तसे मानीत नव्हत्या. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्ट केले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म लाभला होता, परंतु ज्याच्या नावाने तो धर्म ओळखला जातो तो ख्रिस्त लाभला नव्हता. हे दोन्ही त्यांच्या दृष्टीने भिन्न होते, आणि मधल्या आठ वर्षांचे अंतर या भिन्नतेचेच होते.

ही आठ वर्षे विलक्षण धामधुमीची होती. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृतही शिकवीत राहिल्या. गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार या विषयांवर त्यांचे प्रदीर्घ वाद झाले. शाकाहार सोडण्यास त्यांनी नकार दिला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. हा पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना जाणवते की डोंगरे शास्त्र्यांची मुलगी शास्त्रार्थ विसरली नव्हती. बुद्धी तीक्ष्ण, मान ताठ, परंतु मन अस्वस्थ, असे तिचे चित्र त्या पत्रांतून उमटते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या. अमेरिकेत त्या तीन वर्षांच्या आसपास राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये निघाला. गावोगावी व्याख्याने दिली, मंडळे स्थापिली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे वचन घेऊन 'रमाबाई असोसिएशन' उभी राहिली. १८८९ च्या प्रारंभी त्या मुंबईस परतल्या, आणि ११ मार्च रोजी चौपाटीनजीक शारदा सदन सुरू झाले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई नातू यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे म्हणून विख्यात झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले.

बाहेरून पाहणाऱ्यास हा यशाचा चढता आलेख दिसेल. परंतु आत जुनाच हिशेब चालू होता. पापाचा पश्चात्ताप करावा, ते सोडण्याचा निर्धार करावा, विधिपूर्वक बाप्तिस्मा घ्यावा, म्हणजे क्षमा मिळते, अशी त्यांची समजूत होती. आणि ही समजूत आपल्या पूर्वीच्या धर्मकल्पनांहून फारशी निराळी नव्हती, हे पुढे त्यांनीच कबूल केले. तीर्थ बदलले होते, खातेवही तीच होती. पूर्वी स्नाने व उपवास मोजले जात, आता सत्कृत्ये व निर्धार मोजले जाऊ लागले. मोजणारा मात्र तोच थकलेला जीव होता.

सेवाक्षेत्रात काम करणाऱ्यांच्या थकव्याचे मर्म येथे आहे. काम फार असते म्हणून माणूस थकतो हे खरे; पण जळून जातो तो निराळ्या कारणाने. आपली योग्यता आपल्या कामाने सिद्ध व्हायची आहे, आणि आज केलेले काम उद्या पुरेसे ठरणार नाही, ही धास्ती त्याला आतून पोखरते. मग विश्रांतीदेखील अपराध वाटू लागते.

१८९१ सालचे वळण

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त आले. मरणातून जीवनाकडे, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील अँग्लिकन पाद्री. चर्चची सर्व कर्तव्ये ते वर्षानुवर्षे निष्ठेने पार पाडीत होते. तरीही आपला धर्म पोकळ आहे, ही जाणीव त्यांना छळू लागली. आणि १८५१ साली व्यासपीठावरून स्वतःच प्रवचन देत असताना, आपण इतरांना जे सांगत आहोत ते आपल्याला मिळालेलेच नाही, हे त्यांना उमगले. तेथेच त्यांचा कायापालट झाला. उपदेशकच स्वतःच्या प्रवचनाने बदलला, अशी ही कथा.

रमाबाईंना त्या आरशात आपले मुख दिसले. त्यांनाही लोक ख्रिस्ती कार्यकर्ती म्हणत होते. त्याही सदन चालवीत होत्या, शिकवीत होत्या, पत्रे लिहीत होत्या. आणि त्यांच्याही अंतरात कोरडेपणा होता. बायबल त्यांनी पूर्वी शास्त्रग्रंथ म्हणून अभ्यासले होते. आता तेच त्या तहानलेल्या माणसाप्रमाणे वाचू लागल्या. श्रमलेल्यांनी व भाराने वाकलेल्यांनी आपल्याकडे यावे, म्हणजे त्यांना विसावा मिळेल, हे ख्रिस्ताचे आमंत्रण योग्यता सिद्ध केलेल्यांना उद्देशून नाही, ते थकलेल्यांना उद्देशून आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. क्षमा ही कमवायची वस्तू नसून स्वीकारायची देणगी आहे, आणि ती आधी मिळते, काम मागाहून येते, हा क्रम त्यांना पटला. पाप्याला काहीही न देता मिळणारी ही मोकळीक आपल्यासारख्या दुर्बल जिवासाठीच आहे, असे त्यांना वाटले. खातेवही मिटली.

ही अनुभूती महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही. भार देवावर टाकून निश्चिंत होण्याची गोष्ट वारकरी संतांनी शेकडो वर्षे सांगितली आहे. परंतु रमाबाई ज्या घरात वाढल्या तेथील धर्म अर्जनाचा होता, अर्पणाचा नव्हता. त्यांना कृपेचा अर्थ गवसला तो ख्रिस्ताच्या द्वारी, आणि तो ख्रिस्ताच्या द्वारीच गवसला असे त्या अखेरपर्यंत सांगत राहिल्या. त्यांच्या अनुभवाचा आदर करायचा तर त्यांच्या या सांगण्याचाही आदर करावा लागतो. त्यातून ख्रिस्त वगळून केवळ मनःशांती उरवू पाहणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

विसाव्याची किंमत

विसावा मिळाला म्हणजे संकटे संपली, असे झाले नाही. उलट याच विसाव्याने एक वादळ ओढवून आणले. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी हमी देण्यात आली होती, आणि त्या भरवशावर पालकांनी आपल्या विधवा मुली तेथे धाडल्या होत्या. रमाबाई आपली खासगी प्रार्थना दार उघडे ठेवून करीत. ज्या मुलींना यावेसे वाटे त्यांना त्या अडवीत नसत. ज्या गोष्टीने आपला जीव निवला ती दाराआड लपविणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटे. पुण्याला मात्र हा वचनभंग वाटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागार सदस्यांनी राजीनामे दिले आणि अनेक मुली काढून नेण्यात आल्या.

या वादात एकच बाजू खरी होती, असे म्हणता येत नाही. ज्या समाजात विधवेला शिकविणे हेच मोठे धाडस होते, तेथे पालकांचा विश्वास ढळणे म्हणजे शेकडो मुलींची दारे बंद होणे होते. सल्लागारांची चिंता अवास्तव नव्हती. दुसरीकडे, ज्या बाईने सर्वस्व गमावून एक सत्य मिळविले तिने स्वतःच्या घरात ते मुक्याने बाळगावे, ही अपेक्षाही कठोर होती. पण या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या आघाताने रमाबाई कोसळल्या नाहीत. दहा वर्षांपूर्वी वाँटेजला मैत्रिणीच्या मृत्यूने ज्यांची झोप उडाली होती, त्याच रमाबाई संस्था अर्धी रिकामी झालेली पाहूनही स्थिर राहिल्या. जे आपल्या कर्तबगारीवर उभे नाही ते आपल्या अपयशाने पडत नाही, हा त्यांना आलेला प्रत्यय होता.

केडगावची माळरानी

पुढे जे घडले ते तर विश्रांतीच्या रूढ कल्पनेस पूर्णपणे सोडून आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी सदनासाठी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालवावी, हा बेत होता. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. त्या बातम्या वाचताना रमाबाईंना १८७४ आठवल्यावाचून राहिले नसेल. त्या तेथे गेल्या. अन्नछत्रांच्या आसपास आणि रस्त्यांच्या कडेला पडलेल्या निराधार मुली व बाया त्यांनी पाहिल्या. त्यांना फसवून पळविणारे दलालही पाहिले. काही महिन्यांत सुमारे तीनशे जणी त्यांनी बरोबर आणल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती, शहरात इतक्यांना ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावच्या माळरानावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातूनच मुक्ती सदन जन्मास आले.

अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपत आली होती, आणि या नव्या जबाबदारीसाठी कोणाचेही खात्रीचे वचन हाती नव्हते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी कोणापुढे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ पोसल्याची हकीकत रमाबाईंनी वाचली होती. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांच्या मिशनचा वृत्तांतही वाचला होता. त्याच मार्गाने जाण्याचे त्यांनी ठरविले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्यांचे अन्न, वस्त्र, औषध आणि शिक्षण यांची व्यवस्था एका बहिरेपण आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या माथ्यावर होती. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती व गोठा चालला, हातमाग लागले, तेलाचा घाणा फिरला, छापखाना सुरू झाला. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या.

पूर्वीच्या आठ वर्षांत जेवढे काम होते त्याच्या कितीतरी पट हे काम होते. तरी त्यात पूर्वीची दमछाक दिसत नाही. येथे विसावा या शब्दाचा अर्थ पुन्हा पारखून घ्यावा लागतो. रमाबाईंचा विसावा म्हणजे कामापासून सुटका नव्हे. कामावर आपले मोल ठरविण्याची सक्ती संपणे, हा तो विसावा. सदन आपले नाही, मुली आपल्या नाहीत, उद्याचे धान्य आणण्याचा अंतिम भार आपला नाही, अशा भावनेने त्या वावरत. म्हणून त्यांना दिवसभर राबता येत असे आणि रात्री झोप येत असे.

मुक्तीतील सर्वच गोष्टी निर्वेध किंवा निर्दोष होत्या, असेही नाही. १९०५ साली तेथे धार्मिक जागृतीची जी लाट उसळली, मुली तासन् तास रडत, मोठ्याने प्रार्थना करीत राहिल्या, तिचे कौतुक झाले तशी तिच्यावर टीकाही झाली. एकेकाळी सुधारकांच्या सभा गाजविणारी विदुषी पुण्याच्या बौद्धिक जीवनापासून दूर, एका माळावर धर्मनिष्ठेत गढून गेली, याची हळहळ तिच्या मित्रांनाही वाटली. महाराष्ट्राने एक मोठी विचारवंत स्त्री गमावली, हे खरेच आहे. परंतु तिला गमावण्यात महाराष्ट्राचाही वाटा होता.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. उपलब्ध भाषांतरे संस्कृतप्रचुर आहेत, खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ती कळत नाहीत, हे त्यांना रोज दिसत होते. ज्या संस्कृतने त्यांना कीर्ती दिली तिचाच भार सामान्य स्त्रीच्या मार्गात येतो, हे ओळखून त्या सोप्या मराठीकडे वळल्या. त्यासाठी उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. त्यांतील कित्येकजणी दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरशत्रू म्हणून आलेल्या होत्या.

१९१९ साली सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती यांच्यामागोमाग, जिच्यावर संस्थेची सर्व भिस्त होती ती एकुलती एक मुलगीही गेली. कोणत्याही माणसाने येथे हात टेकले असते. रमाबाईंनी दुःख केले असणारच. पण भाषांतराचे काम थांबले नाही. मुद्रिते तपासणे चालू राहिले आणि ते पूर्ण झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचे निधन झाले. ज्या आयुष्याचा आरंभ पेटाऱ्यात बसून झाला, ज्याने हजारो मैल आणि तीन खंड पाहिले, ते अखेर एका ठिकाणी स्थिरावून संपले. मुक्ती मिशनचे कार्य आजही तेथे चालू आहे. १९८९ साली भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले.

रमाबाईंच्या चरित्रातून धर्मांतराचा उपदेश काढण्याचे कारण नाही, आणि धर्मांतराच्या भीतीने ते चरित्र मिटून ठेवण्याचेही कारण नाही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. पण या चरित्रात कष्टकरी माणसाच्या उपयोगाची एक खूण आहे. थकलेल्या माणसाला जग सुटी घेण्यास सांगते, हवापालट करण्यास सांगते, आणि त्याने चार दिवस बरेही वाटते. रमाबाईंची हवा तर आयुष्यभर पालटतच होती. गंगामूळपासून बोस्टनपर्यंत कोठेही त्यांचा शीण उतरला नाही. तो उतरला पुण्यात, भर कामात, एका साध्या जाणिवेने. आपण जे आहोत ते आपल्या कामामुळे नाही, आणि आपल्यावरचे प्रेम आपण कमावलेले नाही, ही ती जाणीव होती.

ही जाणीव त्यांना ख्रिस्ताने दिली, असे त्या म्हणत. ज्याला ती अन्यत्र लाभेल त्याने ती तेथून घ्यावी. परंतु तिच्यावाचून केलेली सेवा, मग ती शाळेतील असो, कचेरीतील असो वा देवळातील, शेवटी माणसाला झेलमच्या काठच्या त्या वाळूच्या खड्ड्यातच नेऊन निजविते. तेथे थंडीपासून जीव वाचतो खरा, पण ऊब मिळत नाही.